बेचाळीस नंबरचा बिल्ला

लोडरचं नाक बोगद्यातल्या वळणाच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबलं, आणि समोरून खांद्यावर पाण्याचा पाइप घेऊन येणारे दोघे पाइपसकट भिंतीला चिकटले. कुणी ओरडलं नाही. पाइपच्या एका टोकातून उरलंसुरलं पाणी गळत राहिलं, तेवढाच आवाज. त्याने ब्रेकवरचा पाय काढला नाही. काढला असता तर तो थरथरतोय हे सगळ्यांना दिसलं असतं, असं त्याला वाटलं. खरं म्हणजे त्या अंधारात कुणाला काही दिसलं नसतं.

शिकवणारा मागून चालत आला. तो पळत आला नाही, हेही त्याला लागलं. टोपीवरचा दिवा त्याच्या तोंडावर न मारता शिकवणाऱ्याने मान वळवून तो चाकावर धरला आणि विचारलं,

"बेचाळीस, आरसा बघितला होता का?"

"हॉर्न दिला होता मी."

"हॉर्न सगळ्यांनी ऐकला. आरसा बघितला का?"

वळणावर, छताला लागून, परातीएवढा फुगीर आरसा टांगलेला होता. पलीकडून कोण येतंय ते त्यात आधी दिसतं. आधी आरसा, मग नाक, हा इथला पहिला धडा. आणि तुम्हाला समोरचा दिसला म्हणजे त्यालाही तुम्ही दिसलात, हा त्याच धड्याचा दुसरा भाग. पहिल्या दिवशी तो आरसा बघून "इथे न्हाव्याचं दुकान टाकलंय का रे?" असं त्याने विचारलं होतं, तेव्हा सगळा वर्ग हसला होता. आज त्यातला कुणी हसत नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

"उतरा," शिकवणारा म्हणाला. "आज बाजूला बसा. उद्या पुन्हा पहिल्यापासून."

तो उतरला. शिकवणारा म्हणजे त्याचा साडू, बायकोच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा नवरा. वयाने लहान, मानाने लहान, आणि कालपरवापर्यंत हुद्द्यानेही लहान.

कित्येक वर्षं ही खाण म्हणजे एक अवाढव्य उघडा खड्डा होता. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेला, आणि त्याच्या कडेकडेने गिरक्या घेत वर येणारा रस्ता. त्या रस्त्यावर तो डंपर चालवायचा. डंपर म्हणजे साधासुधा नव्हे; चाक दीड पुरुष उंच आणि बसायची जागा तिसऱ्या मजल्यावर. शिडी चढून कामाला जाणारा माणूस तो, खालची माणसं त्याला नुसत्या टोप्यांसारखी दिसायची. पण खनिज खोल खोल जात राहिलं. एक डंपर माल काढायचा तर आधी दहा डंपर नुसता दगड हलवा, अशी गत झाली, तेव्हा वरच्यांनी ठरवलं की खड्डा आता आणखी रुंद करायचा नाही. तळाच्या भिंतीत बोगदा पाडायचा आणि आतून पोखरत जायचं. मोठे डंपर बोगद्यात मावत नाहीत. त्यांचे चालक मावतात, पण वाकून.

साडूला या खाणीत आणलं कुणी? त्यानेच. साडू लांबच्या एका भुयारी खाणीतली चांगली नोकरी सोडून आला होता, आणि का सोडली ते कुणाला नीट सांगत नव्हता. त्याने फोरमनकडे शब्द टाकून साडूला खड्ड्याच्या तळाशी पंपावर चिकटवला. झिरपून साचणारं पाणी उपसायचं, बाकी काही नाही. डंपर तळाला पोचला की साडू पंपाच्या खोपटातून बाहेर यायचा आणि मान वर करून विचारायचा, "दादा, जेवलात का?" त्याने साडूचं नाव उंदीर ठेवलं होतं, बिळातून आलेला म्हणून, प्रेमानेच ठेवलं होतं, असं तो म्हणायचा. मग बोगदा पडला, आणि बिळातलं ज्याला कळतं असा सबंध खाणीत तो एकटा उंदीरच निघाला. मागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते असं.

गेल्या महिन्यात सासरी सगळे जमले होते. तिथे खिडकीजवळ हात असलेली एक खुर्ची आहे. ती थोरल्या जावयाची, असं कधी कुणी म्हटलं नव्हतं, पण कधी कुणी दुसरं बसलंही नव्हतं. सासूबाईंनी ती त्या दिवशी धाकट्याकडे सरकवली, म्हणाल्या, दिवसभर शिकवून पाय दुखले असतील. साडू बसला नाही. दादा बसतील, म्हणाला. आता दुसऱ्याने सोडलेल्या खुर्चीवर बसायला तो काय भिकारी होता? तोही बसला नाही. संध्याकाळभर दोन जावई उभे आणि मधे रिकामी खुर्ची, आणि मुलं तिच्यावर चढून खिडकीतून बाहेर बघत होती.

पण नाकाला खऱ्या मिरच्या झोंबल्या होत्या त्या बायकोमुळे. ती पूर्वी खड्ड्याच्या काठावर वजनकाट्याच्या खोलीत बसायची. काटा बंद झाला, आणि साडूने तिला बोगद्याच्या तोंडाशी बिल्ल्यांच्या फळ्यावर मागून घेतलं. ताईइतकं लक्ष दुसऱ्या कुणाचं नसतं, असं तो मोठ्या साहेबांना म्हणाला होता. काम सोपं होतं आणि भयंकरही. आत जाणारा प्रत्येक जण आपला पितळी बिल्ला तिच्या फळ्यावरच्या खिळ्याला अडकवतो आणि बाहेर येताना स्वतःच्या हाताने काढतो. फळ्यावर बिल्ला आहे तोवर आत माणूस आहे, आणि आत माणूस आहे तोवर सुरुंग उडत नाही. उघड्या खड्ड्यात ही भानगड नव्हती. भोंगा झाला की सगळे वर यायचे, सुरुंगवाला काठावर उभा राहून चारी बाजूंना नजर टाकायचा, निशाण हलवायचा आणि उडवून द्यायचा. जो दिसत नाही तो नाही. बोगद्यात कुणीच दिसत नाही, म्हणून बिल्ला.

तर बायको आता घरी येऊन "सर म्हणाले" आणि "सरांनी सांगितलं". स्वतःच्या बहिणीच्या नवऱ्याला सर! भाजी चिरताना सर, पोरांची डोकी विंचरताना सर. खाली कुणाला नात्याने हाक मारायची नाही, आकड्याने मारायची, हेही सरांनीच सांगितलं होतं; बोगद्यात 'दादा' म्हटलं की तिघे मागे वळतात, आकड्याला मालक एकच असतो. हे त्याला पटत होतं. पटलेली गोष्ट झोंबत नाही असं थोडंच आहे.

बाजूला बसणं त्याला जमेना. तो एका दगडावर बसला आणि पूर्वी टायरच्या शेडमध्ये काम करणारी एक पोरगी त्याच्या जागी लोडरवर चढली. वळणाशी तिने गाडी थांबवली, मान उचलून आरसा बघितला, आणि लोण्यातून सुरी फिरावी तसं वळण घेतलं. "छान," साडू म्हणाला. गेल्या तीन आठवड्यांत हा शब्द त्याच्या वाट्याला आला नव्हता. साडू पोरीला पुढचं काही दाखवायला वाकला, तेव्हा तो उठला आणि बोगद्याच्या तोंडाकडे चालू लागला.

वजनकाट्याच्या दिवसांपासून नवराबायकोत एक रिवाज होता. भरलेला डंपर काट्यावरून नेताना तो दोनदा हॉर्न द्यायचा, आणि ती कामातून डोकं न काढता खिडकीत हात वर करायची. भांडण झालेलं असलं की हॉर्न नाही. तो सरळ समोर बघत निघून जायचा, आणि आता पुढच्या फेरीला तरी वाजतो का, म्हणून ती कान देऊन बसायची. अख्ख्या खाणीला हे ठाऊक होतं. सकाळी हॉर्न वाजला नाही की फोरमन विचारायचा, "आज घरात काय करपलं?"

बोगद्याच्या तोंडाशी बायको पाठमोरी उभी होती. सुरुंगाची दारू घेऊन आलेल्या गाडीतली खोकी ती सुरुंगवाल्याबरोबर तपासून घेत होती. वळण तिथून हाकेच्या अंतरावर. मघाचा एकेक शब्द तिच्या कानावर गेला असणार. आता तिच्यासमोर उभं राहून, शाळेतून हाकललेल्या पोराने दप्तर उचलावं तसा आपला बिल्ला काढायचा, हे त्याच्याने होईना. तो सरळ समोर बघत तिच्या पाठीमागून निघून गेला. हॉर्न नाही. उघड्या खाणीत हॉर्न न देता गेल्याने कधी कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

कपडे बदलायच्या खोलीतही तो गेला नाही. तिथे माणसं असणार, माणसांना डोळे असणार. अंगातल्या मळक्या डगल्यानिशी, चिखलाच्या बुटांनिशी तो जुन्या रस्त्याने चढावर निघाला. वरच्या एका पायरीवर मोठे डंपर रांगेने उभे करून ठेवले होते. गिऱ्हाईक यायचं, चाकांना लाथ मारून बघायचं आणि जायचं. तो आपल्या डंपरची शिडी चढला आणि दार ओढून आत बसला. सीटमधला खड्डा अजून त्याच्याच मापाचा होता.

इथून बोगद्याचं तोंड बरोबर खाली दिसत होतं, आणि खरंच उंदराच्या बिळाएवढं दिसत होतं. त्याला जरा बरं वाटलं. पाळी सुटल्याचा भोंगा झाला. आता सगळे बाहेर येतील, बिल्ले काढतील, मग आत कुठेतरी सुरुंग उडेल आणि जमिनीला एक धक्का बसेल. तो वाट बघत राहिला. माणसं बाहेर आली, पण पांगली नाहीत. धक्का काही बसला नाही.

मग दुसरा भोंगा सुरू झाला. लांब नव्हे, तुटक तुटक. त्याचा अर्थ वर्गात सांगितला होता, पण त्या दिवशी तो खिडकीबाहेर बघत होता. तोंडाशी धावपळ दिसली. फसला वाटतं सरांचा सुरुंग, तो मनात म्हणाला. उघड्या खड्ड्यात असं कधी झालं नव्हतं. एवढी वर्षं झाली, वेळ म्हणजे वेळ. गर्दीतून एक टोपी सुटी झाली, बिल्ल्यांच्या फळ्यापाशी गेली, परत फिरली आणि बोगद्यात शिरली; तिच्या मागोमाग आणखी एक. चालण्यावरून त्याने साडूला ओळखलं. म्हणजे चालण्यावरून नव्हे, कारण साडू पळत होता. मघाशी त्याच्यासाठी चालत आलेला माणूस आता पळत होता, आणि वरून ते बघताना त्याला आनंद झाला. त्याला दुसरा शब्द नाही. अगदी गार वाटलं त्याला.

असं काही मनाजोगतं झालं की खिशातल्या किल्ल्या वाजवायची त्याला सवय होती. घराची किल्ली आणि बिल्ला एकाच कडीत असायचे. त्याने खिशात हात घालून बोटांनी कडी हलवली. आवाज आला नाही. त्याने ती बाहेर काढून बघितली. कडीत नुसती किल्ली होती.

तुटक भोंग्याचा अर्थ त्याला तेव्हा आठवला. माणूस आत आहे.

त्याने हॉर्नवर तळहात दाबला. दोनदा दाबला, मग सगळा भार टाकून दाबला. डंपरची बॅटरी विकणाऱ्यांनी केव्हाच काढून घेतली होती. फोन खाली कपाटात होता. सुरुंगाजवळ फोन न्यायचा नाही, हाही सरांचा नियम. तो शिडीवरून निम्म्यातूनच उडी मारून उतरला आणि उतारावरून धावत सुटला.

धावताना आपण काय बोलायचं ते तो जुळवत होता. विसरलो म्हणावं, तर उद्यापासून सगळी खाण हसणार. पोट बिघडलं होतं म्हणावं, तर त्याहून जास्त हसणार. शेवटच्या वळणाशी त्याचा वेग आपोआप कमी झाला. गर्दीच्या मागे तेलाची रिकामी पिंपं होती, तिथवर तो आला आणि थांबला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे होत्या आणि तोंडं बोगद्याकडे.

फोरमन बायकोशी बोलत होता. दारू भोकांत भरून झाली आहे, ती तशी फार वेळ ठेवता येत नाही. माणूस रागाच्या भरात घरी गेला असेल, माझं ऐक, काढ तो बिल्ला. बायको फळ्याला पाठ लावून उभी होती. तिचा एक हात मागे, बेचाळीसच्या खिळ्यावर होता.

"कपडे कपाटात आहेत," ती म्हणाली. "फोन तिथेच वाजतोय."

"अगं, पण रागावला होता ना तो?"

"रागावले की हॉर्न देत नाहीत. पण मला टाकून घरी जात नाहीत." तिचा आवाज वर गेला नाही. "बिल्ला ज्याचा, तोच काढेल."

कुणीतरी म्हणालं, मघाशी त्याला सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. दुसरा म्हणाला, अशा चढावर भरला डंपर न घसरवता नेणारा एकच माणूस होता या खाणीत. होता, म्हणाला. टायरच्या शेडमधली ती पोरगी तोंडावर हात ठेवून रडत होती.

त्याने पुढे व्हायचं होतं. दोन पावलं टाकायची आणि "अगं, मी इथे आहे" म्हणायचं, एवढंच. पण गेल्या कित्येक महिन्यांत त्याच्याबद्दल कुणी असं बोललं नव्हतं, आणि बायको अशी कुणाकडे बघत नव्हती. ती आता बोगद्याच्या अंधाराकडे बघत होती, तिथे जो कोणी होता त्याच्याकडे. तोंड उघडलं की तो आतला माणूस संपणार होता आणि उरणार होता बिल्ला विसरलेला गाढव. पिंपाला टेकून, हात मागे बांधून तो उभा राहिला. आतल्या त्या माणसाचा त्याला हेवा वाटला. आजवर त्याने पुष्कळांचा हेवा केला होता, पण स्वतःचाच करायची ही पहिलीच वेळ.

किती वेळ गेला कोण जाणे. टोप्यांच्या वरून त्याला बोगद्याचं तोंड दिसत होतं, आत वळण, आणि वळणावरचा तो आरसा. आरशात एक दिवा दिसला. हळूहळू मोठा झाला आणि थांबला. दम लागला असेल, त्याला वाटलं. दिवा बराच वेळ एका जागी होता. मग हलला, वळणावरून पुढे आला, आणि साडू उजेडात आला.

त्याच्या अंगावर दगडाची भुकटी बसली होती, आणि घामाने तिचे ओघळ झाले होते. त्याने कुणाकडे बघितलं नाही. सरळ ताईसमोर जाऊन उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला. "दादा बाहेर आहेत. मागे बघा."

सगळी गर्दी वळली. बायकोही वळली. ती धावत आली नाही, रडली नाही. फळ्यावरचा हात तिने सावकाश खाली घेतला, आणि तो इतका वेळ खिळ्यावर दाबून धरल्यामुळे त्यावर खळगा पडला होता, तो ती दुसऱ्या हाताने चोळू लागली.

"कधी आलात?"

"आत्ताच," तो म्हणाला. "वर डंपरपाशी होतो. भोंगा ऐकून धावत आलो."

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, पहिला सोडून. फोरमनने एक शिवी हासडली आणि मग त्याच्या पाठीत थाप मारली. कुणी हसलं नाही. पोरीने डोळे पुसले. तो वाट काढत पुढे गेला आणि खिळ्यावरचा बिल्ला काढून त्याने कडीत अडकवला. शेजारच्या खिळ्यावर साडूचा बिल्ला होता. तो आपल्याच हाताने काढून द्यावा म्हणून त्याने बोटं पुढे केली, आणि नियम आठवून मागे घेतली. साडूने आपला बिल्ला स्वतः काढला. तोवर साडूबरोबर गेलेला पाइपवाला धापा टाकत बाहेर आला होता; त्यानेही काढला. फळा रिकामा झाला. बायकोने निशाण वर केलं.

धक्का बसला तो फक्त तळपायांना. खड्ड्यात सुरुंग उडायचा तेव्हा आभाळ धुळीने भरून जायचं. इथे एवढंसं काही जमिनीतून येऊन गेलं आणि पिंपं किणकिणली.

माणसं पांगली. पाइपवाला नळाखाली डोकं धरून धूत होता आणि धुता धुता बोलत होता. सरांनी एकही कोपरा सोडला नाही, म्हणत होता. दारू भरलेल्या भोकांपर्यंत गेले, तिथे पाऊल टाकायला माझी छाती होईना. आणि हाका तरी किती!

"मी म्हटलं, सर, नंबर घ्या, आपलाच नियम आहे," पाइपवाला म्हणाला. "ऐकायलाच तयार नाहीत. सगळ्या बोगद्यात नुसतं दादा, दादा."

तो बोगद्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. आतून धूर हळूहळू बाहेर येत होता आणि धुरातून तो आरसा अंधूक दिसत होता. आपल्याला त्यात साडूचा दिवा दिसला होता. दिवा थांबला होता. आणि मग पहिल्या दिवशीचा धडा, दुसऱ्या भागासकट, त्याला आठवला.

साडू पायरीवर बसून बूट सोडत होता. तो त्याच्याजवळ गेला.

"वळणावर थांबला होतास तू."

"हो."

"आरसा बघितलास?"

साडूने बुटाची गाठ सोडवली. ती ओली झाली होती, निघायला वेळ लागला.

"वळणावर मी बघतोच, दादा," तो म्हणाला.

तो आणखी कशाची तरी वाट बघत राहिला. ओरडा, टोमणा, निदान एखादी नजर. काहीच आलं नाही. साडू बूट काढून त्यातला खडा झटकत होता, आणि खडा पडून गेला तरी झटकतच होता. भुयारी खाणीतली नोकरी का सोडली ते साडूने कधी सांगितलं नव्हतं, आणि त्याने कधी धड विचारलंही नव्हतं. आजही त्याने विचारलं नाही. त्याला एकच गोष्ट कळत होती. हा माणूस आज बघितलेलं कुणाला सांगणार नाही. ताईला नाही, स्वतःच्या बायकोला नाही, कधी भांडण झालं तरी नाही. वळणावर थांबून साडूने त्याला पुढे यायला वेळ दिला होता, तो वेळ वाया गेला होता, आणि तरीही तो गप्प बसणार होता.

खुर्ची गेली होती, बायकोच्या तोंडी 'सर' आलं होतं, ते सगळं त्याने एक वेळ सोसलं असतं. पण हे एवढं मोठेपण एकट्या साडूच्या खात्यावर ठेवून घरी जायचं, आणि जन्मभर त्याच्यासमोर त्या खुर्चीवर बसायचं, हे त्याला सोसण्यातलं नव्हतं. पोटात दुखायला लागलं की माणूस काहीही करतो. तो फळ्याकडे गेला.

बायको रिकाम्या फळ्यावरची धूळ फडक्याने पुसत होती, एकेक खिळा धरून.

"मी आत्ताच नव्हतो आलो," तो म्हणाला.

फडकं चालूच होतं.

"बराच वेळ मागे उभा होतो. पिंपाला टेकून. तू फोरमनला जे बोललीस, ते सगळं ऐकलं. हा मला शोधत आत होता, तरी उभा होतो."

तिचा हात बेचाळीसच्या खिळ्यावर थांबला. ती वळली नाही. तिने फडकं झटकलं, त्याची घडी फिरवून कोरडी बाजू वर घेतली आणि पुढचा खिळा पुसायला घेतला. तो तिथेच, या वेळी तिला दिसेल असा, तिचं पुसून होईपर्यंत उभा राहिला.